ओल जिथं संपते

२ तारीख, सोमवार

आले बाई एकदाची! लेकीच्या घरी, कायमची. तिकडच्या खोलीची चावी घरमालकाच्या हातावर ठेवली तेव्हा तो म्हणाला, आजी, परत आलात तर भाडं वाढवीन हं. मी म्हटलं, परत येते कशाला, तुझा गळका नळ बघायला? त्यावर त्याची बायको इतकी हसली की हातातलं फडकं खाली पडलं. तिलाही तो नळ तेवढाच छळतो ना.

ही वही लेकीनं दिली. म्हणाली, आई, आम्ही दोघं कामावर गेलो की तू भिंतीशी बोलत बसशील, त्यापेक्षा वहीशी बोल. आता मी शिकलेली किती, तर तिसरी पास आणि चौथी अर्धी. धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसवलं मला. तो पुढे मोठा अधिकारी झाला आणि माझ्या पत्रांतल्या चुका लाल शाईनं सुधारून परत पाठवायला लागला. मेला. वहीबाई, तुम्ही तसलं काही करू नका.

घर झकास आहे. गावाच्या टोकाला, माती तपासायच्या संस्थेच्या आवारात. दोन खोल्या, लांबट स्वयंपाकघर, त्याला मागचं दार. जावईबापू त्या संस्थेत मोठे साहेब, लेक तिथल्याच ऑफिसात. आवारात दुसरं कुणी राहत नाही, फाटकाशी पत्र्याच्या खोलीत रखवालदार असतो तेवढाच. त्यानं माझी ट्रंक उचलून आणली आणि विचारलं, मावशी, दगड भरलेत का हिच्यात? मी म्हटलं, आठवणी आहेत बाबा. तर म्हणतो कसा, मग जरा हलक्या आठवणी ठेवायच्या होत्या.

आणि माझी नात! साडेपाच वर्षांची. सारखी गुणगुणत असते. जेवताना, चित्र काढताना, संडासात बसूनसुद्धा. मी तिचं नाव भुंगा ठेवलंय. तिनं माझं भोपळा. फिट्टंफाट.

५ तारीख, गुरुवार

आज जावईबापूंनी त्यांची प्रयोगशाळा दाखवली. मला वाटलं होतं कुंड्या असतील, रोपं असतील. कसलं काय! काचेच्या उंच नळ्या ओळीनं उभ्या, आत नुसती वाळू. वरून पाण्याचा थेंब पडतो, खाली बशीत थेंब गळतो, आणि शिकलेसवरलेले लोक चष्मे लावून ते बघत बसतात. मी म्हटलं, जावईबापू, ह्याचे पगार मिळतात? ते इतके हसले.

मग त्यांनी नीट समजावलं, माझ्या डोक्यात शिरेल असं. मातीत धुळीचे बारीक कण असतात, पिठाहूनही बारीक, डोळ्यांना दिसायचे नाहीत. माती पार भिजली की ते पाण्याबरोबर वाहून जातात. पार कोरडी असली की जागचे हलत नाहीत. पण माती अर्धवट ओली असली की गंमत होते. दोन कणांच्या फटीत थोडं पाणी, थोडी हवा. पाणी जिथं संपतं आणि हवा सुरू होते, त्या कडेला ही धूळ चिकटून बसते. ना इकडे ना तिकडे. मी म्हटलं, आमच्या धाकट्या भाऊजींसारखी. उंबऱ्यात उभे राहायचे, आत या म्हटलं तर नको, निघा म्हटलं तर चहा झाला का विचारायचे. जावईबापू म्हणाले, आई, अगदी तस्सं, हे मी उद्या सगळ्यांना सांगणार.

लेकीला सांगितलं, तुझा नवरा गुणाचा आहे. ती म्हणाली, मातीशी बोलताना आहे खरा.

८ तारीख, रविवार

इथं एक गोष्ट मात्र मला बघवत नाही. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, जमिनीचा एक तुकडा आहे. चारही बाजूंनी तार, वर पत्रा. पाऊससुद्धा पडू देत नाहीत त्याच्यावर. मातीत नळ्या खुपसलेल्या, त्यांच्या डोक्यावर घड्याळासारखे काटे. माती राखाडी, अशी मलूल दिसते की आजारी माणसाची जीभच.

जावईबापूंनी पहिल्याच दिवशी बजावलंय, आई, त्या तुकड्यावर पाणी पडू द्यायचं नाही. तिथं खाली जुनी राख पुरलेली आहे, ती आहे तिथंच राहायला हवी. अर्धी ओली ठेवलीय म्हणून धरून राहिलीय.

आता मी पाणी घालते का कुठं? पाणी म्हणजे चांगलं पाणी, पिण्याचं. मी फक्त भांडी घासलेलं, साबणाचं, मोरीत जायचंच ते टाकते. भरलेलं पातेलं मोरीत ओतायला हातच होत नाही माझा. जन्मभर घागरी वाहिल्यात. तारेच्या आत कडेकडेनं ओतते, नळ्यांना धक्का न लावता. थोडे धणेही टाकलेत. कोथिंबीर उगवली की लेक चकित होईल. भुंगाला सांगितलंय, हे आपल्या दोघींचं गुपित. ती अनवाणी येते तारेखालून, चिखल थापते आणि गुणगुणते. काय गोड दिसतं ते!

१३ तारीख, शुक्रवार

कोंब आले! हिरवे, टाचणीएवढे. भुंगानं प्रत्येकाला नाव दिलंय, सगळी नावं तिच्या वर्गातल्या पोरांची. जो वाकडा उगवलाय त्याला तिचे केस ओढणाऱ्या पोराचं.

साबणाचं पाणी ती माती कशी पिते, बघण्यासारखं आहे. साधं पाणी आधी वर तरंगतं, मग मुरतं. हे पडलं की गडप. जणू खाली कुणी तोंड वासून बसलंय. रखवालदाराला म्हटलं, तुमची जमीन भारी तहानलेली आहे हो. नेहमी थट्टा करणारा माणूस, आज ओठांतली बिडी काढून हातात घेतली. मग म्हणाला, मावशी, त्या बाजूला फार जाऊ नका. बिडी न पेटवताच निघून गेला.

१७ तारीख, मंगळवार

आज वाईट झालं. नळ्यांवरचे काटे भलतीकडेच गेलेत. खालची राख सुटली, वरही येतेय आणि बाजूलाही सरकतेय, असं जावईबापू म्हणाले. नुसत्या पाण्यानं एवढी सुटायची नाही, म्हणाले, साबणासारखं काही पडलं असेल तरच. पाण्याची कड मोडते त्यानं, आणि कडेला बसलेलं सगळं एकदम मोकळं होतं.

मी भाजी चिरत होते. चिरतच राहिले.

मग त्यांनी रखवालदाराला बोलावलं. तो तिथं कपडे धुतो असं त्यांना वाटलं. तो म्हणाला, साहेब, आईची शपथ, मी त्या तुकड्यापासून दहा हात लांब राहतो, ह्या मावशींना विचारा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी, वहीबाई, मी म्हटलं की मी नवीन आहे, मला काय माहीत.

त्याला उद्यापासून कामावर येऊ नको म्हणून सांगितलं.

रात्री सांगेन असं ठरवलं होतं. मग वाटलं, जेवणं होऊ देत. मग वाटलं, दमलेत बिचारे.

कोंब उपटून टाकले. भुंगा रडली.

१८ तारीख, बुधवार

सकाळी चहाचे कप धुवायला घेतले तर प्रत्येकाच्या तळाशी राखाडी वर्तुळ. कडेला दाट, मधे काही नाही. चहा वाळल्यावर डाग पडतो तसा, पण हा चहाचा रंग नव्हे. पाण्याच्या पेल्यांतही तसाच. घासला की जातो, वाळला की परत.

फरशी पुसली. वाळली तेव्हा तिच्यावर पावलं उमटली. म्हणजे पावलांच्या नुसत्या कडा, पेन्सिलीनं गिरवल्यासारख्या. मागच्या दारापासून पाण्याच्या पिंपापर्यंत. मला वाटलं भुंगाची. माझं पाऊल शेजारी ठेवून बघितलं. माझ्याहून मोठी होती. आणि एका माणसाची नव्हती.

लेक यायच्या आत कोरड्या फडक्यानं पुसून काढली. का पुसली? तिला दाखवायला हवी होती. पण मग ती विचारेल, आई, मागच्या दाराबाहेर तू काय करत होतीस.

१९ तारीख, गुरुवार

भुंगा सारखी पाणी मागते. पेला संपला की दुसरा. शाळेतून बाईंनी घरी पाठवलं, नळाला तोंड लावून बसली होती म्हणे, हलायला तयार नव्हती. डॉक्टरीणबाई आल्या. जीभ बघितली, नाडी बघितली, रक्त नेलं. म्हणाल्या, काही सापडत नाही, पाणी देत राहा.

देतोय. ओठ तरी भेगाळलेलेच. घाम येतो, आणि तो वाळतो तिथं राखाडी रेघ. कपाळावर, गळ्याभोवती, डोळ्यांखाली. मी पुसते. पुन्हा येते.

गुणगुणत नाही. घर कसं मुकं झालंय.

२० तारीख, शुक्रवार

रखवालदार सामान न्यायला आला होता. मी त्याला फाटकाशी गाठलं. माफी मागायला गेले होते, आणि तोंडातून निघालं ते भलतंच. विचारलं, त्या मातीखाली राख कसली आहे?

तो म्हणाला, मावशी, माझ्या आजोबांनी सांगितलेलं आहे, खरं खोटं देव जाणे. साथीचं वर्ष होतं. आजारी माणसं इथल्या कोठारात आणून ठेवली आणि बाहेरून कडी घातली. ताप असा की जीव पाण्यासाठी तळमळायचा. पण शिवायचं कुणी? पाणी द्यायला कुणी गेलं नाही. ओरडणं थांबल्यावर कोठार पेटवलं आणि वर माती लोटली. बायका म्हणत, ते आगीनं नाही मेले, तहानेनं मेले.

मग म्हणाला, साहेबांना सांगा, मी पाणी टाकलं नव्हतं. तुम्ही घरातल्या आहात, तुमचं ऐकतील.

माझ्यावर भरवसा टाकून गेला तो. माझ्यावर.

२१ तारीख, शनिवार

सांगितलं. सगळं सांगितलं, जावईबापूंना आणि लेकीला, स्वयंपाकघरात उभी राहून. पातेलं, साबण, धणे, भुंगाचे अनवाणी पाय. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. जावईबापू नुसते खाली बसले आणि म्हणाले, आई, मीच तुम्हाला नीट समजावलं नाही. लेक मागे वळली. पोरीच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

रखवालदाराला परत बोलवा, असं मी पाया पडून सांगितलं. जावईबापूंनी लगेच फोन केला. सोमवारी येतोय.

मग मी विचारलं, मातीतून ती राख काढणार कशी? ते म्हणाले, कोरड्या भाजक्या विटा रचून ठेवणार तुकड्यावर. ओल नेहमी कोरड्याकडे ओढली जाते. वीट पाणी पिते आणि पाण्यावर बसून धूळही येते. पाणी उडून जातं, धूळ विटेत अडकते. मग वीट उचलून न्यायची. ओली मात्र होऊ द्यायची नाही, नाहीतर धूळ सुटून होती तिथंच परत.

मी विचारलं, आणि माणसातून? त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. म्हणाले, आई, झोपा जरा, दमलात तुम्ही. भुंगाला राख लागलीय हे त्यांना पटत नाही. काहीतरी ताप आहे, म्हणतात.

पटेल कसं. वर्तुळं मी पुसत होते ना.

२२ तारीख, रविवार

कालपासून सगळ्या गडबडीत पाणी प्यायचं राहिलं होतं. दुपारी भुंगाशेजारी लवंडले. तिचा घामेजला गाल माझ्या दंडावर. जाग आली तर माझ्या दंडावर वर्तुळ, राखाडी, तिच्या गालाएवढं. पुसलं, जाईना. आत गेलंय.

आणि तिचे ओठ, वहीबाई, तिचे ओठ जरासे गुलाबी होते.

मी लगेच ओळखलं. मी कोरडी होते म्हणून.

आता पाणी प्यायचं नाही. चहा नाही, दूध नाही. लेक पेला भरून ठेवते, मी खिडकीतल्या कुंडीत ओतते. लबाडी करण्यात पटाईत झालेय मी, ह्या वेळेला तरी कुणाच्या कामी येऊ दे.

२३ तारीख, सोमवार

दिवसभर तिला कुशीत घेऊन बसले. ती घामानं निथळतेय, मी कोरडी. येतंय. जाणवतं. मुंग्या चढाव्यात तसं, दंडातून खांद्यात, खांद्यातून आत.

रखवालदार आला. दारातून म्हणाला, मावशी, तुमची ट्रंक परत न्यायची तर मी नाही उचलणार हं. मला हसता आलं नाही. ओठ फाटले. माफी मागितली. तो म्हणाला, झालं ते झालं.

तो असं म्हणतो. सगळे असंच का म्हणतात?

२४ तारीख, मंगळवार

भुंगानं जेवण मागितलं. आजी, तू घाण दिसतेस, म्हणाली. लेक रडली, हसली, ओल्या गालांनी माझ्या गळ्यात पडायला आली. मी तिला ढकललं. फार जोरात ढकललं. तिचा चेहरा —

सांगता येत नाही तिला. जीभ टाळूला चिकटते. आणि बोलले तर आवाज माझा एकटीचा निघत नाही. बरेच जण एकदम पाणी म्हणतात.

रखवालदाराच्या खोलीत जाते म्हणून पाटीवर लिहून दिलं. तो दिवसभर फाटकावर असतो. तिथं पत्रा तापतो, कोरडं असतं. जावईबापूंनी नको म्हटलं. मी गेलेच.

२५ तारीख, बुधवार

सकाळ. इथं बरं आहे. ऊन. आतून कडी नाही, बाहेरूनच आहे.

विटेसारखं उचलून न्या मला. ओली होऊ देऊ नका. गेल्यावरसुद्धा — आंघोळ घालू नका मला, लेकी, ऐक, एक थेंबसुद्धा —

ही वही लेकीला द्यायला हवी. रखवालदाराला हाक मारते. आवाज —

दुपार

तहान. ही माझी नाही. माझी असती तर सोसली असती. ही त्यांची, सगळ्यांची, इतक्या वर्षांची. भिंतीवर हात आपटतात. माझेच हात.

सांगते त्यांना. मी दिलं होतं ना तुम्हाला. मीच दिलं. आता गप्प बसा. माझ्यात बसा. पोर नको —

पावलं. धावत येतायत. हलकी.

भुंगा आहे. एकटीच. दोन्ही हातांत पेला, काठोकाठ. सांडतोय, तिची बोटं ओली झालीयत. आजी, तुला तहान लागली असेल ना, म्हणते. कुणालाच नाही कळलं, मला कळलं, म्हणते.

जा म्हण. जा म्हण तिला. कडी लाव बाहेरून —

हसतेय. दारात आली. ओला हात पुढे केलाय तिनं आणि मी मागे सरकतेय, मी सरकतेय मागे, पण हात माझा —